विषयांतर

तांबड्या शाईवर माझा फार वर्षांपासून लोभ आहे. निळी शाई कामाची, काळी शाई कायद्याची. तांबडी शाई मात्र अधिकाराची! कॉलेजात नव्याने लागलो तेव्हा पहिल्या पगारातून घरच्यांसाठी काय घेतले ते मला आज आठवत नाही. पण स्वतःसाठी तांबड्या शाईची एक बाटली आणि जाड निबाचे एक पेन घेतले होते, हे पक्के आठवते. रविवारची दुपार असावी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर असावा, उजव्या हाताशी चहाचा कप असावा आणि एकेक पान उलटीत समासात शेरे लिहीत बसावे, यासारखे सुख नाही, असे मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगत असे. ते माझ्याकडे संशयाने पाहत. पेपर तपासण्यात सुख मानणारा प्राध्यापक त्यांनी दुसरा पाहिलेला नव्हता.

माझे शेरे ठरलेले होते. 'मोघम', 'पाल्हाळ', 'पुनरुक्ती', 'शुद्धलेखन पाहा'. पण या सर्वांत माझा लाडका शेरा म्हणजे 'विषयांतर'. हा शब्द लिहायलाच मोठी मौज आहे. सुरुवातीची वेलांटी झोकात घ्यावी, 'ष'चे पोट एका तिरप्या रेघेने छेदावे, 'या'च्या डोक्यावर अनुस्वाराचा टिळा लावावा आणि शेवटच्या 'र'ची शेपटी पार समासाबाहेर जाऊ द्यावी. खाली दोन रेघा. असा शेरा लिहून झाला की माझे मलाच समाधान वाटे. विद्यार्थ्याला काय वाटत असेल, हा विचार काही माझ्या मनात येत नसे. तो विषयच वेगळा होता!

हे सारे आज आठवले ते आमच्या संपादकांच्या निरोपामुळे. निरोप असा होता : "एरवी तुम्ही या पानावर आठवड्याला जेमतेम दोन रकाने भरता. दिवाळी अंकासाठी जरा ऐसपैस लिहा. विषय 'लेखनाची प्रेरणा'. जालन्यासारख्या ठिकाणी राहून तुम्हाला सुचतं तरी कसं, हे वाचकांना सांगा."

'जालन्यासारख्या' या शब्दापाशी मी थोडा अडखळलो. संपादकांच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मी जाणतो. जालना म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीचे ढीग उभे राहतात. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवतो. पण त्या पाळण्यात कवितेचे बाळ कधी कुणी निजवले असेल, असे पाहुण्यांना वाटत नाही. एकदा व्याख्यानासाठी आलेले एक कवी माझ्या घरी उतरले होते. खिडकीतून त्यांनी समोरची गच्ची, तिच्यावरची पाण्याची काळी टाकी आणि टाकीवर बसलेला कावळा पाहिला, आणि मोठ्या सहानुभूतीने ते मला म्हणाले, "इथं तुम्हाला लिहायला काय सापडतं हो?" मी काही बोललो नाही. आदल्याच आठवड्यात मी त्या कावळ्यावर दोन रकाने लिहिले होते!

प्रेरणा ही घाटमाथ्यावर, समुद्रकाठी किंवा निदान एखाद्या नदीच्या वळणावर राहते, अशी पुष्कळांची समजूत असते. आमची कुंडलिका नदी वर्षातले बरेच महिने वळणे तेवढी दाखवते, पाणी दाखवीत नाही. तेव्हा प्रेरणेची सोय मला घरच्या घरीच करून घ्यावी लागली.

माझी सुखे म्हणाल तर फार स्वस्त आहेत. मोती तलावाच्या काठाने सकाळची फेरी मारताना पाण्यावरून येणारी पहिली झुळूक. चहा गाळून झाल्यावर गाळणीत उरलेल्या आल्याचा वास. नव्या दिवाळी अंकाची पाने अंगठ्याखालून भुर्रकन सोडताना तोंडावर येणारा शाईचा वारा. आणि या साऱ्यांहून वरचढ असे एक सुख आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मोसंबीच्या बागा फुलावर येतात. त्या दिवसांत रात्रीच्या एस. टी.ने अंबड किंवा घनसावंगीकडून परत येत असावे, खिडकीची काच अर्धी उघडी असावी आणि अंधारात कुठली तरी बाग ओलांडताना एकाएकी साऱ्या गाडीत तो गोड, थोडासा उग्र वास भरून जावा! बाग दिसत नाही, झाड दिसत नाही. पेंगणारे उतारू पेंगतच जरासे हलतात. पुढच्या फाट्याला वास संपतो. तिकिटाच्या पैशांत तो धरलेला नसतो.

या सुखांचे एक लक्षण माझ्या ध्यानात आले आहे. ती कामाच्या वाटेवर भेटत असली तरी कामात कधी भेटत नाहीत. आडबाजूला उभी असतात. मोसंबीच्या फुलांचा वास घ्यायला म्हणून मी कधी घनसावंगीला गेलो नाही. मी गेलो होतो परीक्षेच्या कामाला. ते काम काय होते ते आज मला सांगता येणार नाही. वास मात्र सांगता येतो.

आमच्या जिल्ह्याचा इतिहासही मला असाच आडबाजूने आवडतो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने इथला मुख्य विषय म्हणजे असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीच्या काठी असईपाशी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांची गाठ पडली. एका दिवसात हजारो माणसे पडली, आणि पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हा वेलस्ली जगाच्या इतिहासात जाऊन बसला. पण त्याच केळणेच्या काठी भोकरदन आहे. सातवाहनांच्या काळी त्याला भोगवर्धन म्हणत. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथल्या माणसांची नावे कोरलेली आहेत. १९७३ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा मणी, बांगड्या असल्या किरकोळ वस्तूंबरोबर हातात मावेल एवढी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातून १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली होती, तिची ही बहीण शोभावी! असईने आम्हाला एक तारीख दिली. त्या अनामिक कारागिराने दिलेली गोष्ट मुठीएवढी आहे. पण दोन हजार वर्षांनी पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणण्याचे सामर्थ्य तारखेत नाही, तिच्यात आहे.

विषयांतराला सर्वांत भक्कम आधार मात्र मला एका संताकडून मिळाला. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला ते तिथे जन्मले. त्यांचा दासबोध हा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ. माया, ब्रह्म, भक्ती, विवेक असा त्यातला मुख्य विषय. अशा या ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास कशावर असावा? लेखनक्रियेवर! म्हणजे लेखनातल्या विचारांवर नव्हे. अक्षर, बोरू, शाई आणि कागद यांवर. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे. ओळीला ओळ लागू नये. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. पानाच्या चहूबाजूंना जागा सोडावी, म्हणजे पुढे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये; म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. नाना देशींचे बोरू जमवावेत, हिंगूळ संग्रही असावा.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रामदासस्वामींचे निराळेच चित्र उभे राहते. हा माणूस नव्या बोरूचे टोक अंगठ्याच्या नखावर घासून पाहणारा होता, उन्हाकडे कागद धरून त्याची जात ओळखणारा होता, असे वाटू लागते. मी त्या काळी परीक्षक असतो तर त्या समासाच्या समासात काय लिहिले असते ते सांगायला नकोच! आणि हिंगुळाचीही एक गंमत आहे. हिंगूळ म्हणजे तांबड्या शाईचा रंग. जुन्या पोथ्यांत तो ओव्यांच्या आकड्यांना आणि अध्यायाच्या समाप्तीला वापरलेला दिसतो. पान सजवण्यासाठी आमच्या पूर्वजांनी जो रंग जवळ बाळगला, तो आम्ही मास्तरांनी पान रक्तबंबाळ करण्यासाठी हाती घेतला.

दुसरा माणूस आमच्या अगदी जवळचा. सातोना हे परतूर तालुक्यातले रेल्वेवरचे गाव. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ साली तिथे जन्मले. तेव्हा सातोना परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी आमचा जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका आमच्याकडे आला आणि बी. रघुनाथांवर आमचाही थोडा हक्क झाला! ते होते बांधकाम खात्यातले कारकून. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभाराची भाषा उर्दू. दिवसभर त्या कारभारातले कागद हाताळायचे आणि उरल्या वेळात मराठी लिहायचे. कविता, कथा, कादंबऱ्या, ललित लेख. कारकुनी हा त्यांच्या दिवसाचा मुख्य विषय होता, साहित्य हे विषयांतर. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीला कचेरीत काम करीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे चाळीस. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर कोणत्या फायली होत्या याची आज कुणाला फिकीर नाही. मी आता त्यांच्याहून वयाने मोठा आहे. परभणीकडे जाताना गाडी सातोन्याला थांबली की माझ्या मनात हा हिशेब येतो, आणि गाडी सुटली की बरे वाटते.

तर हे सगळे मला ठाऊक होते. वर्षानुवर्षे मी ते वर्गात सांगत होतो. आणि ज्या दिवशी वर्गातूनच ते परत माझ्याकडे आले, त्या दिवशी मी ते ओळखले नाही.

२०१३ सालची गोष्ट. आदल्या वर्षी पावसाने आमच्याकडे पाठ फिरवली होती. उन्हाळ्यात जालना शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येईल याचा नेम नव्हता. खेडोपाडी टँकर फिरत होते. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. माणसे झाडे तोडून सरपण करीत होती. अशा दिवसांत बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी चाचणीत निबंध घातला : 'माझा आवडता ऋतू'.

बहुतेकांनी पावसाळा लिहिला. गाईडातला पावसाळा! त्यात मोर होता, इंद्रधनुष्य होते, कागदाच्या होड्या होत्या, मातीचा सुगंध होता. मी दहापैकी सहा-सात गुण देत गेलो. मग परतूरकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या एका मुलीचा पेपर हाती आला. तिने लिहिले होते की आमच्या गावात पावसाळा दिवसाआड दुपारी अडीच वाजता येतो. त्याला सहा चाके असतात. तो आला की कुत्री आधी भुंकतात, मग माणसे धावतात. पाणी गावच्या कोरड्या विहिरीत सोडतात. पहिली धार तळच्या खडकावर पडते तेव्हा विहीर ओरडल्यासारखा आवाज येतो. मग पाणी जसजसे वर चढते तसतसा तो आवाज मऊ होत जातो. आणि शेवटी विहीर नुसती कुजबुजते. ती कुजबूज सुरू झाली की पोहरे सोडायचे. हा ऋतू वीस मिनिटांत संपतो.

दीड पान होते. मी ते वाचले, आणि माझा हात सरावाने समासाकडे गेला. झोकदार वेलांटी, तिरपी रेघ, टिळा, शेपटी. खाली दोन रेघा. 'विषयांतर. ऋतूचे वर्णन अपेक्षित.' दहापैकी तीन.

पेपर वाटले तेव्हा ती तास संपल्यावर माझ्यापाशी आली. म्हणाली, "सर, टँकरचं खरं होतं."

मी म्हणालो, "खरं असेल. पण विषयाला धरून नको का?"

ती "हो सर" म्हणून गेली. त्याच महिन्यात एका स्मरणिकेसाठी मी 'मराठी कवितेतील वर्षा ऋतू' हा लेख लिहिला. बारा पाने, चाळीस संदर्भ. लेख विद्वानांना आवडला. आता काढून वाचला, तर सबंध लेखात पाण्याचा एक थेंब नाही!

मध्ये बरीच वर्षे गेली. यंदा भाद्रपदात आमच्या सौभाग्यवतींनी मला वर्षाची ज्वारी आणायला मोंढ्यावर पाठवले. ज्वारीचा भाव मला कळत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. पण मला घराबाहेर काढायला तेवढे निमित्त पुरते. भाव न करता मी इकडे तिकडे भटकत राहिलो आणि रेशमाच्या कोषांच्या बाजारात शिरलो. २०१८ साली बाजार समितीच्या आवारात हा बाजार सुरू झाला तेव्हापासून लांबलांबचे शेतकरी इथे कोष घेऊन येतात. जिकडे तिकडे पांढरेशुभ्र ढीग. एक कोष हातात घेतला तर वजन लागत नाही. आणि त्या एवढ्याशा बोंडात सुमारे हजार मीटर लांबीचा एक सलग धागा असतो. मी तो कानाशी नेऊन हलवून पाहत होतो, तोच मागून हाक आली.

"नमस्कार सर. ओळखलं का?"

शिक्षकाला यासारखा अवघड प्रश्न नाही. तिशीची एक बाई, डोक्यावर पदर, हातात वजनाची पावती. मी ओशाळे हसून "चेहरा ओळखीचा वाटतो" असे काहीतरी पुटपुटलो.

"मी विषयांतर, सर," ती म्हणाली.

मला क्षणभर काही कळले नाही, आणि मग सगळे कळले. ती हसत होती. "तीन मार्क दिले होते तुम्ही. बरं झालं सर, सवय मोडली. पुढं तिन्ही वर्षं गाईडातलंच लिहिलं. चांगल्या मार्कांनी पास झाले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. ती खरोखरच आभार मानत होती. मी पावतीकडे पाहिले, कोषांकडे पाहिले, आणि बोलायचे म्हणून विचारले, "काम फार पडतं का गं याचं?"

"शेवटच्या आठवड्यात पडतं. अळ्यांचा आयुष्यभरातला बहुतेक पाला त्या आठवड्यातच खाऊन होतो. रात्री पाला टाकल्यावर आवाज असा येतो की पाऊसच लागलाय." मग एकदम म्हणाली, "ऐकायला या सर एकदा."

लोक असे निमंत्रण देतात, आणि आपण 'येईन की' म्हणतो. पण या खेपेला मी गेलो. पुढची बॅच शेवटच्या अवस्थेत आली तसा तिचा निरोप आला आणि मी एका शनिवारी संध्याकाळची एस. टी. धरली. शेतात तुती, तिच्या कडेला अळ्यांची लांबट शेड. दारातच तिच्या सासूबाईंनी मला अडवले. "गुरुजी, चपला बाहेर काढा. हात धुवा. त्या चुन्यावरून पाय देऊन या. तंबाखू खात नाही ना? वासानं बिघडतात त्या." एखाद्या देवळात शिरतानाही मी इतका सोवळ्यात शिरलो नव्हतो. आत माळ्यांसारखे थरावर थर, त्यांवर तुतीच्या फांद्या, आणि फांद्यांवर हजारो पांढुरक्या अळ्या. दोघींनी मिळून ताजा पाला पसरला. मग तिने मोठा दिवा मालवला आणि म्हणाली, "आता बोलू नका."

सुरुवातीला काही ऐकू आले नाही. मग एका कोपऱ्यातून बारीक चुरचुर सुरू झाली. ती दुसऱ्या थराला लागली, तिसऱ्याला लागली, आणि बघता बघता शेड त्या आवाजाने भरून गेली. बाहेर आकाश निरभ्र होते, चांदण्या होत्या. आणि आत पाऊस पडत होता. किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"पहिल्या खेपेला मला खरंच वाटलं," सासूबाई अंधारातून हळूच म्हणाल्या, "वाळत घातलेली डाळ उचलायला पळाले मी!"

मी खिशातून वही काढली. सवय वाईट असते. दाराशी येणाऱ्या उजेडात लिहिले : 'पत्र्यावर पाऊस पडावा तसा'. तिने वाकून पाहिले.

"नाही सर," ती म्हणाली. "पत्र्यावरचा पाऊस वेगळा. तो ओरडतो. हा तुरीच्या पानांवरचा आहे. भुरभुर." मग थोडे थांबून, "आमच्या विहिरीत टँकरचं पाणी वर आल्यावर असंच व्हायचं. शेवटी शेवटी."

म्हणजे ते सारे तिच्यापाशी होते! माझ्या दोन रेघांखाली ते मेलेले नव्हते; नुसते गप्प बसले होते. मी माझे वाक्य खोडले आणि तिचे लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच वहीत कुणीतरी शेरा दिला होता, आणि तो माझ्या कुठल्याही शेऱ्याहून अचूक होता.

"तो पेपर आहे का गं तुझ्याकडे?" मी विचारले.

"छे, सर. केव्हाच रद्दीत गेला."

"मग हे लिहून का ठेवत नाहीस?"

"पाल्याला उशीर होतो," ती म्हणाली आणि पुढच्या थराकडे गेली.

त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाल्याला उशीर झाला तर काय होते ते तिला ठाऊक आहे. निबंधाला उशीर झाला तर काय होते ते मला आता कळू लागले आहे. रात्री तिथेच ओसरीवर निजलो. सासूबाईंनी निघताना पिशवीत चार मोसंब्या घातल्या. घरी आल्यावर ज्वारीचे काय झाले, असे सौभाग्यवतींनी विचारले. मी त्यांना पावसाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "छान. पण ज्वारी?" एकूण काय, शेरे देणारे घरोघरी आहेत!

तांबड्या शाईचे पेन मी फेकून दिलेले नाही. असल्या नाटकी गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि पेन महागाचे आहे. मात्र आता त्याचे काम मी थोडे बदलले आहे. गठ्ठ्यात एखादे वाक्य गाईडातले नसलेले, मुलाने स्वतः पाहिलेले असे सापडले की त्याच्याखाली मी रेघ ओढतो आणि समासात लिहितो, 'आणखी सांग'. पन्नास पेपरांत अशी तीन-चार वाक्ये निघतात. ती हमखास विषय सोडून असतात. कुणाच्या बापाच्या सळई कारखान्यातल्या हाताला आलेले फोड, कुणाच्या आजीची दासबोधाची पोथी, कुणाच्या घरासमोरचा टाकीवरचा कावळा. आणखी सांग म्हटल्यावर सगळेच सांगतात असे नाही. एकाने तर 'सर, नेमकं काय सांगू? परीक्षेला येईल का?' असे विचारले. जी सवय मी वर्षानुवर्षे लावली, ती दोन सत्रांत कशी जाणार?

हा लेख लिहायला बसण्याआधी गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर एक निरोप आला. चार ओळी होत्या. अळ्या खायच्या थांबून कोष विणू लागतात तेव्हा शेडमध्ये एकाएकी शांतता होते. रोजच्या पावसाची सवय झालेली असते म्हणून त्या रात्री घरात कुणाला लवकर झोप लागत नाही. सासूबाई दोनदा उठून बघून येतात, असे तिने लिहिले होते. खाली प्रश्न होता : 'सर, हे विषयाला धरून आहे का?'

मी लगेच उत्तर पाठवले. काय पाठवले ते तिचे नि माझे.

आता संपादकांच्या विषयाविषयी. 'लेखनाची प्रेरणा' यावर मी ऐसपैस लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी लिहिले आहे शाईवर, एस. टी.वर, बोरूवर, विहिरीवर आणि तुतीचा पाला खाणाऱ्या अळ्यांवर. संपादकांच्या टेबलावरही तांबडे पेन असते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी या लेखाच्या समासात तो शब्द लिहिलाच, तर माझी तक्रार नाही. फक्त 'ष'चे पोट नीट छेदावे, आणि 'र'ची शेपटी जरा मोकळी सोडावी.